बत्तीस नंबरचा बिल्ला

४ सप्टेंबर, शुक्रवार

मोठं मशीन अखेर बसलं! महिनाभर कुरकुरत होतं. आज दाराचं रबर चिरलं आणि वाफ थेट खोलीत. आता आठ दिवस हॉस्पिटलची सगळी अवजारं दुसरीकडे निर्जंतुक होऊन येणार आणि आमच्या विभागातल्या निम्म्या लोकांना सक्तीची रजा. त्यात मी.

म्हटलं, घरी बसेन, पडदे धुईन. बडबडी ऐकेना. माझ्या शेजारच्या टेबलावर ट्रे बांधते ती. हात चांगले चालतात, पण तोंड त्याहून जोरात. "सहा वर्षं झाली तुला या देशात येऊन. हॉस्पिटल आणि तुझी ती खोली, यापलीकडे पाहिलंस काय? माझा तंबू घे आणि समुद्रावर जा." मी हो-नाही म्हणेपर्यंत तंबू माझ्या दारात आणून टाकलासुद्धा. तिचा नवरा तिला सोडून गेला तेव्हा मागे राहिलेल्या सामानातला हा तंबू. हे सगळं ती हसत सांगते, जेवणाच्या सुट्टीत, सगळ्यांसमोर. मला सात जन्मांत जमणार नाही. आपल्याकडे नवरा वारला म्हटलं की लोक खुर्ची देतात. सोडून गेला म्हटलं की स्वतःची खुर्ची जवळ ओढतात आणि विचारतात, का बरं?

समुद्र मी सात वर्षं टाळत आले आहे, ते तिला काय सांगणार.

संध्याकाळी लेकीचा फोन. लग्नाच्या नोंदणीचा फॉर्म भरायला बसली होती. आवाज जरा जास्तच मोकळा, म्हणजे काहीतरी अडलंय हे मी ओळखलं.

"आई, वडिलांच्या नावापुढे दोन चौकोन आहेत. हयात आणि मयत. कुठं खूण करू?"

मी म्हटलं, बघू. बघू काय, कप्पाळ! पण तेवढंच निघालं तोंडातून.

"मयत म्हटलं तर दाखला मागतील. माणूस सापडला नाही तर सात वर्षांनी मिळतो म्हणे, पण तुझी सही लागेल. आणि खरं सांगू का, माझ्याच्यानं मयतवर खूण करवत नाहीये. हयातवर करावी तर खोटं होईल." मग म्हणाली, "शुक्रवारपर्यंत सांग. अकरा तारखेला द्यायचाय."

सात वर्षांपूर्वी आम्ही तिघं चार दिवसांसाठी समुद्रावर गेलो होतो. परत आलो दोघीच. ती सतरा वर्षांची होती. त्यानंतर ती समुद्राकडे फिरकलेली नाही. होणाऱ्या जावयानं लग्नानंतर कुठंतरी बेटावर जायचं काढलं तर दोन दिवस बोलली नाही त्याच्याशी.

या वहीतसुद्धा सगळं लिहायचं नाही हा माझा जुना नियम. वही कधी कुणाच्या हाती पडेल, नेम नाही. आज लिहिलं तेवढं पुरे.

५ सप्टेंबर, शनिवार

आले. बस, मग दुसरी बस, मग पाठीवर तंबू घेऊन अर्धा तास पायपीट. का आले? लेकीला उत्तर द्यायचंय आणि खोलीत बसून ते सुचत नाही म्हणून. हा तो समुद्र नाही. तो कुठल्या कुठे राहिला. पण पाणी दिसलं तशी त्याच्याकडे पाठ करून तंबू खाली ठेवला.

आणि आल्या आल्या घोटाळा करून बसले.

किनाऱ्याच्या तोंडाशी लाकडी खोपटं आहे. तिथं राखणदारीण बसते. पन्नाशीची, उन्हानं रापलेली, गळ्यात शिट्टी. (तिचं नाव मी आत्ताच शिट्टी ठेवलंय.) फॉर्म दिला. नाव, देश, इथं राहायच्या परवान्याचा नंबर. तंबूत मोठी माणसं किती? लिहिलं, दोन. पुरुष एक, स्त्री एक. लहान मुलं? शून्य. लेक आता मोठी झाली, एवढा विचार केला बघा. पण दोन लिहिताना हात जराही अडखळला नाही. एकोणीस वर्षांच्या संसारात घरातले सगळे फॉर्म मीच भरत आले. हात आपला त्याच्या वाटेनं गेला.

शिट्टीनं माझ्या तळहातावर दोन बिल्ले ठेवले. पत्र्याचे, गोल, वर दोरा. एकतीस आणि बत्तीस. मग फळा दाखवला. अर्धा पांढरा, अर्धा निळा, दोन्हीकडे नंबर घालून खिळे. पाण्यात जाताना आपला बिल्ला निळ्या बाजूला लावायचा, बाहेर आलं की काढून पांढऱ्या बाजूला. "इथं पाणी फसवं आहे," ती म्हणाली. "त्या खडकांच्या पलीकडे ओढ आहे. संध्याकाळी मी निळी बाजू बघते. एक जरी बिल्ला राहिला तरी सगळ्यांना पाण्यात उतरवते. मग कुणी कितीही मोठा असो."

आमच्या कामासारखंच. ट्रेमध्ये एकेचाळीस वस्तू गेल्या तर एकेचाळीसच परत आल्या पाहिजेत. एक चिमटा कमी आला तर कचऱ्याच्या पिशव्या फोडायच्या, पण घरी जायचं नाही. सहा वर्षांत माझी मोजणी एकदाही चुकलेली नाही. बडबडी सगळ्यांना सांगत असते, हिच्याकडून आलेला ट्रे परत मोजू नका म्हणून. आणि ती मी, एकट्या बाईचे दोन मोजून मोकळी!

सांगायला तोंड उघडलं होतं. पण मागे पाच जण रांगेत. आणि परक्या भाषेत सांगायचं म्हणजे, नवरा नाही. नाही म्हणजे? वारले? कधी? कसे? समुद्रात? आणि तुम्ही समुद्रावर आलात? एका वाक्यामागून दहा यायची. दोन्ही बिल्ले पांढऱ्या बाजूला अडकवले आणि निघाले.

६ सप्टेंबर, रविवार

काल तंबू उभा करायला दोन तास लागले. शेजारच्या तंबूतल्या म्हाताऱ्यानं शेवटी येऊन मेखा ठोकून दिल्या. आयुष्यभर बस चालवली त्यानं. आता बायकोला घेऊन दरवर्षी इथं येतो. बायको खुर्चीत बसून विणत असते आणि मान वर न करता सगळं बघत असते. "मिस्टर कुठायत?" तिनं विचारलं. शिट्टीकडून कळलं असणार. मी म्हटलं, फिरायला गेलेत.

कसं निघालं तोंडातून! लोण्यातून केस निघावा तसं.

दोन माणसांचा तंबू. मी डाव्या बाजूला अंथरलं. उजवी बाजू तशीच मोकळी. पसरून झोपायला कुणाची बंदी होती का? पण नाही. सकाळी बघते तर भिंतीला चिकटून आकसून झोपलेली. आणि अर्धवट जागी असताना घसा खाकरल्याचा आवाज आला. दोनदा. बोलायच्या आधी तो दोनदा खाकरायचा. कापड वाऱ्यानं वाजत असेल. उठून बाहेर जाऊन पाहिलं. बसवाला पाणी भरत होता. त्याला विचारावंसं वाटलं, तुम्ही खाकरलात का हो? विचारलं नाही. "नाही" म्हणाला असता तर?

७ सप्टेंबर, सोमवार

आता हद्द झाली. विणणारी आज मला म्हणते, "तुमचे मिस्टर फार लवकर उठतात. सकाळी खडकांकडे चालले होते. मी हात केला, त्यांनीही केला."

मी बघतच राहिले. म्हटलं, कसे दिसत होते?

"उंच आहेत ना? पांढरा शर्ट. जरा वाकून चालतात."

बसवाल्यानंही मान डोलावली. म्हणे, माणूस सभ्य वाटतो, पण त्यांना सांगा, खडकांकडे एकटं जाऊ नका. मी सांगते म्हटलं.

उंच! तो माझ्यापेक्षा दोन बोटं बुटका आहे. लग्नाच्या फोटोत त्याच्या पायाखाली पाट होता. कुणीतरी भलताच माणूस फिरत असेल सकाळी. फळ्यावर दोन बिल्ले आहेत म्हणजे तंबूत दोन माणसं आहेत, आणि तंबूत दोन आहेत म्हणजे दुसरा कधीतरी दिसणारच. लोकांना फक्त आकडा लागतो, माणूस ते आपल्या मनानं उभा करतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही.

तरी दुपारी अंगावर काटा आला. तंबूत शिरले आणि उजव्या बाजूला वाळू होती. थोडीशीच, पायाला चिकटून येते तेवढी. माझीच असणार. झटकली. 

मग काय वाटलं कुणास ठाऊक, जास्तीचा टॉवेल होता तो भिजवून दोरीवर माझ्या टॉवेलशेजारी वाळत घातला. विणणारीनं पाहिलं. समाधान झालं तिचं. माझंही झालं, हे लिहायला लाज वाटते.

८ सप्टेंबर, मंगळवार

आज सकाळी सरळ दोन कप चहा केला. दोन्ही मीच प्यायले. दुसऱ्यात साखर जास्त पडली होती, त्याला लागते तेवढी.

लेकीला फोन केलेला नाही. इथं खाली फोन लागत नाही, टेकडीवरच्या दुकानापर्यंत जावं लागतं. हे बरं निमित्त आहे.

९ सप्टेंबर, बुधवार, दुपारी

टेकडीवर, दुकानाच्या मागच्या बाकावर बसून लिहितेय. केस अजून ओले आहेत.

सकाळी विणणारी म्हणाली, "मिस्टर पाण्याला भितात वाटतं? बत्तीस नंबर कधी निळ्या बाजूला दिसला नाही." सहज म्हणाली. पण मला राग आला. त्याच्या वतीनं! हे म्हणजे अतीच झालं. तो उत्तम पोहतो असं काहीबाही सांगितलं आणि तरातरा फळ्यापाशी जाऊन दोन्ही बिल्ले निळ्या बाजूला लावले. एकतीस आणि बत्तीस, शेजारी शेजारी.

सात वर्षांत पहिल्यांदा समुद्रात उतरले. आधी घोटे, मग गुडघे, मग कमरेपर्यंत. पाणी इतकं गार की श्वास अडला. आणि मग मी बोलायला लागले. मोठ्यानं, मराठीत. परक्या देशाचा एवढा एक फायदा, भांडण खुल्या आवाजात करता येतं. म्हटलं, सगळं माझ्या गळ्यात टाकून गेलास. तुझं झालं, तू सुटलास. लेक आता विचारते आहे, आणि ती तुला नाही विचारत, मला विचारते. मी काय सांगू तिला? बोल. सात वर्षं मीच बोलते आहे, आता तू बोल एकदा.

उजव्या बाजूला, हाताच्या अंतरावर, कुणीतरी उभं आहे असं इतकं स्पष्ट वाटलं की मी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिथं कुणी नसतं, आणि तेही नको होतं. पाणी माझ्या एका बाजूला जास्त थंड होतं. हे खरं आहे, मी बनवून लिहीत नाही.

मग धावत बाहेर आले. अंगावर कोरडे कपडे चढवले, बिल्ला पांढऱ्या बाजूला अडकवला आणि तडक टेकडीवर आले. लेकीला फोन लावला. एक रिंग वाजली. मीच कापला.

दुकानदारानं न मागता गरम कॉफी आणून ठेवली. माझ्याकडे बघून काय वाटलं असेल त्याला.

परवा शुक्रवार. मयत म्हणून सही करून टाकावी. सगळे तेच धरून चालले आहेत. लेकीला एकदा रडून मोकळं होता येईल. मलाही सोपं. सात वर्षं चालवलंय ते एका सहीनं पक्कं होईल. पेन हातात आहे आणि नुसती बसले आहे. संध्याकाळ होत आली.

१० सप्टेंबर, गुरुवार

कालचं सगळं नीट लिहिणार आहे. क्रमानं. ट्रे मोजते तसं.

टेकडीवरून उतरले तेव्हा सूर्य पाण्याला टेकला होता. किनाऱ्यावर माणसांची रांग दिसली. पंचवीस-तीस जण, हातात हात घालून, छातीभर पाण्यात, हळूहळू खडकांच्या दिशेनं सरकताहेत. कुणी बोलत नव्हतं. एक होडी पुढेमागे करत होती. कडेच्या एका अनोळखी बाईनं माझ्याकडे हात लांबवला. "कुणीतरी परत आलं नाहीये. या." मी चपला काढल्या आणि तिचा हात धरला.

मला वाटलं, कुणाचं तरी मूल असेल. पाय तळाशी चाचपत, एकेक पाऊल. पायाला काही लागलं की थांबायचं, खाली वाकायचं, बघायचं. शेवाळ. दगड. पुन्हा शेवाळ. माझ्या पलीकडच्या हाताला एक कॉलेजातला मुलगा होता. त्याचे दात वाजत होते. मी त्याचा हात घट्ट धरला आणि मनात म्हणत होते, सापडू दे, जिवंत सापडू दे.

मग कर्ण्यातून शिट्टीचा आवाज आला. "बत्तीस नंबर. पुरुष. उंच. पांढरा शर्ट. खडकांकडे जायची सवय आहे."

मी दुपारी एकच बिल्ला काढला होता. एकतीस. बत्तीस काढायचं सुचलंच नाही. कारण तो कुणाचाच नव्हता.

आता जे लिहायचं ते हे, की मी लगेच बोलले नाही. रांग सरकत होती, मीही सरकत होते. तोंड मिटलेलं. पहिला विचार काय आला? परवाना. परदेशी बाई, सरकारी फॉर्मवर खोटी माहिती, नोकरी जाईल. दुसरा विचार आला, आता थोड्या वेळानं काळोख पडेल, हे लोक आपोआप थांबतील, सकाळी मला खुर्ची देतील. हात धरतील. काही विचारणार नाहीत. हा विचार मला आला. आणि तो अनोळखी नव्हता.

किती वेळ गेला? वीस मिनिटं असतील. पंचवीससुद्धा.

रांगेच्या दुसऱ्या टोकाला, खडकांच्या अगदी जवळ, बसवाला होता. बहात्तर वर्षांचा माणूस. लाट आली आणि तो दिसेनासा झाला. होडीतल्यांनी त्याला ओढून वर घेतलं तेव्हा त्याची डावी नडगी गुडघ्यापासून खाली फाटलेली होती आणि त्याच्या तोंडून एकच, "तिथं काहीतरी पांढरं दिसलं. परत जा, तिथं बघा."

तेव्हा मी हात सोडले. दोन्हीकडचे. पाण्यातून कशी आले आठवत नाही. शिट्टीसमोर उभी राहिले आणि सांगितलं, बत्तीस नंबर म्हणजे कुणी नाही. मी एकटी आले आहे. मी चुकीचं लिहिलं.

तिचा विश्वास बसेना. माझे खांदे धरून म्हणाली, "बाई, शांत व्हा. आम्ही शोधतोय ना." तिला वाटलं, धक्क्यानं बरळते आहे. ज्यांची माणसं बुडतात ती असं काहीही म्हणतात, हे तिनं पाहिलेलं असणार. मी पुन्हा सांगितलं. ती म्हणे, "लोकांनी पाहिलंय त्यांना. दोरीवर टॉवेल आहे त्यांचा."

शेवटी तिचा हात धरून तंबूत नेलं. टॉर्चच्या उजेडात सगळं बाहेर काढून वाळूवर एका ओळीत मांडलं. दातांचा ब्रश एक. कंगवा एक. झोपायची पिशवी एक. बूट, एक जोड, बायकी. कप दोन, पण दोन्ही बडबडीचे. मी एकेक वस्तू उचलून दाखवत होते आणि मोजत होते, मराठीत. मोजणी आजवर मराठीतच करते, दुसऱ्या भाषेत मन बसत नाही. त्या आकड्यांतला एकही तिला कळला नसेल. पण ऐकता ऐकता तिचा चेहरा बदलत गेला.

बाहेर जाऊन तिनं शिट्टी मारली. तीनदा. माणसं पाण्यातून बाहेर यायला लागली, निळी पडलेली, एकमेकांना पुसत, "सापडला का? सापडला का?" त्यांच्यामधून चालत मी बसवाल्याकडे गेले, पण त्याला दवाखान्यात नेलं होतं.

त्याच्या पायाला बारा टाके पडले, हे आज सकाळी कळलं. तेव्हा तो तंबूबाहेर खुर्चीत पाय वर करून बसला होता. विणणारीनं माझ्याकडे पाहून तोंड फिरवलं. तिचं बरोबरच आहे. मग पाठमोरीच म्हणाली, "म्हणजे मी हात कुणाला केला?" 

मी माफी मागितली. जेवढे शब्द त्या भाषेत येतात तेवढे सगळे वापरले. म्हातारा ऐकत होता. म्हणाला, "बुडलं नाही ना कुणी? मग झालं. मी तर आनंदात आहे." खरंच आनंदात होता तो. ते मला सोसवेना. रागावला असता तर बरं झालं असतं.

मग त्यानं विचारलं, "पण तुमचे मिस्टर, आहेत ना? असतात कुठं?"

मी उठून आले.

दुपारी शिट्टीनं एक कागद पुढे केला. बत्तीस नंबर, असा कोणी माणूस पाण्यात गेला नाही, खाली सही. पुढचं वरचे लोक बघतील म्हणाली, दंड होईल बहुतेक, परवान्याचं तिला सांगता येत नाही. मी सही केली. सात वर्षांपूर्वी अशाच एका कागदावर सही केली होती. त्यावर लिहिलं होतं, माणूस पाण्यात गेला. शेवटचं कुणी पाहिलं, या प्रश्नापुढे माझं नाव. तेव्हा आठ होड्या तीन दिवस फिरत होत्या. एक नावाडी तापानं फणफणला तरी तिसऱ्या दिवशी आला. मी काठावर खुर्चीत बसून होते. खुर्ची कुणीतरी घरातून आणून दिली होती. सगळे म्हणत होते, हिला बोलायला लावू नका, हिला धक्का बसलाय.

काल पंचवीस मिनिटं गप्प बसले तर एका माणसाची नडगी फाटली. तेव्हा तीन दिवस—

वहीचा नियम आहे. पण नियम कुणासाठी केला होता, तेच आता कळेनासं झालंय.

११ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी सात वाजता टेकडीवर गेले. लेकीनं पहिल्या रिंगला उचलला. म्हटलं, हयातवर खूण कर. खोटं होणार नाही.

तो त्या दिवशी पोहायला गेलाच नव्हता. सकाळच्या पहिल्या बसनं गेला, कायमचा, आणि बसपर्यंत सोडायला मी गेले होते. सोडून गेला असं चारचौघांत सांगायला माझी जीभ उचलेना, म्हणून बुडाला म्हणाले. पत्ता पहिल्या वर्षापासून माझ्याकडे आहे. तोही तिला सांगितला, सावकाश, दोनदा.

तिनं पत्ता लिहून घेतला. 

मग म्हणाली, "आई, मी तीन दिवस बाबांना हाका मारत होते. तू शेजारीच बसली होतीस."